संन्याशाचा असंतोष

दरवर्षी १७ सप्टेंबरला वाशीसारख्या तालुक्याच्या गावी कचेऱ्यांवर आणि शाळांच्या प्रांगणात ध्वज फडकतो, हुतात्म्यांना अभिवादन होते आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास अर्ध्या तासात आटोपून विद्यार्थी घरोघर परततात. त्या अर्ध्या तासात स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव हटकून घेतले जाते. भगव्या वस्त्रातील एक शांत मूर्ती, निजामाचा तुरुंग आणि अखेरचा विजय एवढ्या सामग्रीवर त्यांचे चरित्र उभे केले जाते. त्या चित्रात त्यांचा असंतोष मात्र कोठेच उमटत नाही. ज्या नेतृत्वाची शिस्त त्यांनी आयुष्यभर मानली, त्याच नेतृत्वाच्या दिरंगाईशी आणि तडजोडींशी त्यांना एका राष्ट्रीय संकटात झगडावे लागले. विजयानंतर तर त्यांच्या वाट्याला अधिकच निराशा आली. ही बाजू वगळून त्यांचे स्मरण करणे म्हणजे त्यांच्या जीवनातील सर्वांत उपयुक्त धडा वगळणे होय.

सोलापूरची शाळा आणि हिप्परग्याची शाळा

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुणे असे फिरत फिरत झाले. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले तेव्हा ते सोलापुरात विद्यार्थी होते. अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी त्या प्रसंगी केला. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून त्यांनी उच्च पदवी मिळविली आणि काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. गिरणी कामगारांचे प्रश्न, त्यांची संघटना आणि मालकांशी करावयाच्या वाटाघाटी यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. वाटाघाटीच्या मेजावर ज्याचा प्रतिनिधी नसतो त्याच्या हिताचा बळी प्रथम जातो, हा कामगार चळवळीतला साधा अनुभव आहे. स्वामीजींच्या पुढील राजकारणाचा अर्थ लावताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला वाशी आहे, तर आग्नेय टोकाला लोहारा तालुक्यातील हिप्परगा. या आडगावी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढणे हेच मुळात संशयास्पद कृत्य होते. राज्यातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी, तर दरबाराची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळे मातृभाषेतून शिकविणारी शाळा ही आपोआपच एक राजकीय घटना ठरत असे. या शाळेचे मुख्याध्यापकपद स्वीकारून खेडगीकर गुरुजी या भूमीत आले आणि येथेच, तिशीच्या उंबरठ्यावर, संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईस, म्हणजे निजामी कागदपत्रांतील मोमिनाबादेस, गेले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाचे काम त्यांनी हाती घेतले. भगवी वस्त्रे अंगावर घेतल्यावरही त्यांनी ना मठ बांधला, ना शिष्यशाखा वाढविली. त्यांच्या हयातीचा पहिला भाग शाळेच्या वर्गात गेला. पुढे सीमेवर उभे राहिलेले अनेक कार्यकर्ते याच वर्गांतून निघाले.

माघारीचे पहिले पाठ

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले आणि मराठवाड्यातील राजकीय जागृतीला व्यासपीठ मिळाले. स्वामीजी परिषदेच्या कामात ओढले गेले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होऊ घातली, तोच सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि काही दिवसांतच स्वामीजी तुरुंगात गेले. मात्र त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह राज्यात चालू झाले होते. राजकीय हक्कांच्या लढ्यास जातीय रंग चढेल, या भीतीने गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. शेकडो तरुण तुरुंगात असताना आलेला हा निर्णय कार्यकर्त्यांना जड गेला. स्वामीजींनी तो पाळला. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी निवडलेल्या मोजक्या सत्याग्रहींत ते होते. १९४२ च्या आंदोलनातही त्यांना तुरुंगवास घडला. बंदी उठली ती १९४६ मध्ये, आणि त्याच वर्षी ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. प्रतिस्पर्धी होते बुर्गुल रामकृष्णराव, आणि विजय अगदी निसटता होता. नेमस्त आणि लढाऊ अशा दोन प्रवाहांत संघटना तेव्हाच दुभंगलेली होती.

तेरा महिने

१९४७ च्या जूनमध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश गेल्यावर आपण स्वतंत्र राहू, असे जाहीर केले. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा प्रदेश, १९४१ च्या जनगणनेनुसार एक कोटी त्रेसष्ट लाखांची लोकसंख्या, स्वतःचे नाणे, स्वतःची टपालव्यवस्था, स्वतःची रेल्वे, आणि चारही बाजूंना भारतीय प्रदेश, असे हे राज्य होते. ते स्वतंत्र राहिले असते तर देशाचे दक्षिण व उत्तर हे दोन भाग एका परकी सत्तेने अलग केले असते. त्यामुळे हा प्रश्न एका संस्थानापुरता राहिला नव्हता. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्याचा दिवस पाळला आणि १५ ऑगस्टला, सारा देश दिवे लावीत असताना, तिरंगा फडकविण्याच्या प्रसंगी स्वामीजींना अटक झाली.

त्यानंतर दिल्लीत सुरू झाले ते वाटाघाटींचे गुऱ्हाळ. ऑक्टोबरच्या अखेरीस निजामाचे शिष्टमंडळ करारावर सह्या करण्यासाठी निघणार, तोच रझाकारांच्या जमावाने त्याला घरातून बाहेर पडू दिले नाही. पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि त्यांच्या जागी मीर लायक अली आले. रझाकारांचा सूत्रधार कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. हिप्परग्याचा शिक्षक आणि लातूरचा वकील हे दोघेही अशा रीतीने एकाच जिल्ह्यातून पुढे आले.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. ब्रिटिशांशी निजामाचे जे संबंध होते तेच भारताशी चालू राहावेत, असा त्याचा आशय होता. पुढे सिकंदराबादेतील भारतीय सैन्यही काढून घेण्यात आले. करारात दोन सरकारे होती; ज्यांच्या भवितव्याचा हा प्रश्न होता ती एक कोटी त्रेसष्ट लाख माणसे नव्हती, आणि त्यांच्या जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीला त्यात स्थान मिळाले नव्हते. कराराच्या पाठोपाठ स्वामीजींची सुटका झाली. बाहेर येताच त्यांना दिसले ते हे, की निजामाला हवा असलेला वेळ दिल्लीने त्याला मिळवून दिला होता.

हा वेळ कसा वापरला गेला ते आर्थिक व्यवहारांतच स्पष्ट होते. निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज भारतीय कर्जरोख्यांच्या रूपाने देऊ केले. मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंदी घातली आणि भारतीय चलन राज्यात अवैध ठरविले. या शेवटच्या निर्णयाचा अर्थ वाशी, भूम, परंडा, कळंब या भागातील माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. या प्रदेशाची मोठी पेठ बार्शी, आणि बार्शी सरहद्दीपलीकडे, मुंबई प्रांतात. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव चाले. ज्याची ज्वारी बार्शीच्या आडतीत विकली जात होती, त्याच्या गाठीचा कलदार रुपया घरी परतताना करोडगिरीच्या नाक्यावर गुन्हा ठरू लागला. पुढे भारत सरकारने आर्थिक कोंडी सुरू केली, तेव्हा मीठ, इंधन आणि औषधे यांच्या टंचाईचा भार प्रथम पडला तो याच माणसांवर. राजवाड्यात त्या टंचाईची झळ उशिरा पोहोचते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाबाहेरचे असले तरी जुने सत्य आहे.

स्वामीजी दिल्लीस गेले, नेत्यांना भेटले, परिस्थिती सांगितली. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि त्यांची सुटका झाली ती थेट सप्टेंबरमध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या त्या तेरा महिन्यांपैकी जेमतेम दोन महिने हा स्वातंत्र्यसैनिक मोकळा होता. स्वतंत्र भारताचे सरकार ज्या राजाशी करार पाळीत होते, त्याच राजाच्या कोठडीत स्वतंत्र भारताची मागणी करणारा अध्यक्ष बसून होता.

बाहेरचा लढा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने चालविला. सोलापूर, बार्शी आणि सरहद्दीवरील इतर भागांत छावण्या उभ्या राहिल्या. शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह, लेव्हीस विरोध यांपासून सुरू झालेले आंदोलन करोडगिरी नाक्यांवरील हल्ल्यांपर्यंत गेले. रझाकारांच्या अत्याचारांना तोंड देताना छावण्यांतील तरुणांनी शस्त्रे हाती घेतली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या संन्याशासाठी हा कसोटीचा क्षण होता. त्यांनी त्या तरुणांपासून स्वतःला अलग ठेवले नाही. गाव जळत असताना सरकार वाटाघाटी करीत असेल, तर गावाच्या रक्षणाचा भार गावावरच पडतो आणि तो कोणत्या साधनांनी उचलला जाईल यावर दूर बसलेल्या नेत्याचा ताबा राहत नाही.

दिल्लीची बाजू

तथापि दिल्लीच्या नेतृत्वाला केवळ दुर्बल ठरविणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर १९४७ पासून काश्मीरमध्ये युद्ध पेटले होते. फाळणीच्या निर्वासितांचे लोंढे थांबले नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. हैदराबादेत बळ वापरल्यास दक्षिणेत सर्वत्र जातीय वणवा भडकेल, अशी भीती नेहरूंना होती आणि ती निराधार नव्हती. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांचा कल समेटाकडे होता. २१ जून १९४८ रोजी ते गेल्यावरच सरदार पटेलांच्या धोरणाला मोकळी वाट मिळाली. मंत्रिमंडळातच दोन मते होती. दुसरीकडे निजाम सरकारने प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेला.

दिल्लीच्या सावधपणास अशी कारणे होती. पण त्या सावधपणाची किंमत कोणी मोजली, हाही प्रश्न उरतोच. सरहद्दीवरील कुटुंबे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली. २२ ऑगस्ट १९४८ रोजी, रझाकारांवर निर्भयपणे टीका करणारे इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. या एका बलिदानाने हेही सिद्ध होते की हा लढा दोन धर्मांचा नव्हता. एक राजवट आणि तिची प्रजा यांच्यातील तो लढा होता. ही गोष्ट ठासून सांगणे हे नेतृत्वाचे त्या वेळचे सर्वांत निकडीचे काम होते. ते अपुरे पडले.

विजयानंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे राज्यात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. तेरा महिन्यांचा प्रश्न पाच दिवसांत सुटला. स्वामीजींसह राजबंदी सुटले आणि गावोगाव गुढ्या उभारल्या गेल्या.

याच आनंदाच्या दिवसांत जे घडले ते मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून सरकारला अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे तिने नमूद केले आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल सरकारने दडवून ठेवला. सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती तो पडला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे तब्बल पासष्ट वर्षांनी. नेतृत्वाच्या दिरंगाईने साचू दिलेला द्वेष अखेर निरपराधांवर फुटला, आणि मग नेतृत्वाने मौन धारण केले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकाने मुक्तिसंग्राम शिकविताना गोविंदराव पानसरे या हुतात्म्याचे नाव जसे सांगावे, तसे शोएबुल्ला खान यांचेही सांगावे आणि सप्टेंबरनंतरच्या या निनावी मृतांचाही उल्लेख करावा. त्याने संग्रामाचे मोल घटत नाही.

स्वामीजींच्या वाट्याला आलेली निराशा राज्यकारभाराच्या रचनेबाबतही होती. ज्या जनतेने लढा दिला तिच्या हाती सत्ता येईल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रथम मेजर जनरल चौधरी यांचे लष्करी प्रशासन आले आणि नंतर वेलोडी यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्याकडे मुख्यमंत्रिपद गेले. लोकनियुक्त मंत्रिमंडळासाठी १९५२ ची निवडणूक उजाडावी लागली. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले आणि ज्यांच्या विरुद्ध संग्राम झाला तेच निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. त्यांना वर्षाला पन्नास लाख रुपयांचा तनखा मिळाला. शिवाय सर्फेखास जमिनींची भरपाई आणि राजवाड्यांच्या देखभालीचा खर्च वेगळाच. बाहेरच्या प्रांतांतून आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे स्थानिक शिक्षित तरुणांत असंतोष वाढला आणि १९५२ मध्ये मुल्की आंदोलनाच्या रूपाने तो रस्त्यावर आला.

स्वामीजींचेही अपयश

येथे स्वामीजींचे मूल्यमापनही कठोरपणेच झाले पाहिजे. ज्या नेतृत्वाविषयी निराशा बाळगावी त्या नेतृत्वाचे ते स्वतःही एक घटक होते. संकट टळताच स्टेट काँग्रेसमधील जुनी फूट उघडी पडली. स्वामीजींचा गट आणि रामकृष्णरावांचा गट यांच्यातील कलहात मुक्तीनंतरची पहिली मोलाची वर्षे खर्ची पडली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्यांचे निकटचे डावे सहकारी काँग्रेस सोडून गेले. स्वामीजी आपल्या सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडले नाहीत आणि पक्षात राहून पक्षाला आपल्या मार्गावर आणूही शकले नाहीत. १९५२ मध्ये मुख्यमंत्रिपद रामकृष्णरावांकडे गेले. स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. माणसे घडविण्यात निष्णात असलेला हा शिक्षक सत्तेच्या वाटणीत कच्चा ठरला. त्याचे नैतिक वजन मोठे होते. परंतु संकट संपल्यावर केवळ नैतिक वजनावर पक्ष चालत नाही, हे त्याला उशिरा कळले.

असे असूनही एका प्रश्नावर त्यांनी दिल्लीशी असलेला मतभेद शेवटास नेला. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे आणि मराठी, तेलुगू, कानडी जनतेला आपापल्या भाषिक राज्यात जाता यावे, असा त्यांचा आग्रह होता. हे राज्य मोडू नये, असे नेहरूंना प्रारंभी वाटत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य संपुष्टात आले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. १९५७ मध्ये ते औरंगाबादहून पुन्हा निवडून आले, १९६२ मध्ये सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले. खादी, भूदान आणि शिक्षणसंस्था या कामांत त्यांनी उरलेला काळ घालविला. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

असंतोषाचा उपयोग

राष्ट्रीय संकटात नेत्यांविषयी निराशा वाटणे ही सामान्य नागरिकाची नित्याची अवस्था आहे. कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, एस. टी. च्या थांब्यावर ती व्यक्त होते आणि तेथेच विरून जाते. स्वामीजींच्या असंतोषाची जात वेगळी होती. वाटाघाटींत जनता नाही, हे दिसताच त्यांनी जनतेची संघटना उभी केली. मतभेद असतानाही शिस्त मोडली नाही, आणि शिस्त पाळतानाही मतभेद लपविला नाही. जेथे ते कमी पडले तेथे त्याची झळ मराठवाड्याने सोसली. विकासाचा अनुशेष, कोरडवाहू शेती आणि अपुऱ्या रेल्वेमार्गांची गाऱ्हाणी पुढची अनेक दशके चालू राहिली, कारण सत्तेच्या वाटपाच्या पहिल्या वर्षांत या प्रदेशाचा आवाज गटबाजीत विखुरला होता.

संकटकाळी नेतृत्वाकडून तीन गोष्टींची अपेक्षा करता येते. निर्णय लांबणार असेल तर तो का लांबतो आहे हे लोकांना सांगावे, त्या काळात ज्यांच्यावर आघात होणार आहे त्यांच्या रक्षणाची तजवीज करावी, आणि संकट सरल्यावर झाल्या चुकांचा हिशेब उघड मांडावा. हैदराबाद प्रकरणात या तिन्ही बाबतींत उणीव राहिली. हिशेब मागणारे नागरिक तयार करणे हे हिप्परग्याच्या शाळेचे काम होते. ते आज वाशीच्या, भूमच्या, कळंबच्या शाळांचे आहे, आणि १७ सप्टेंबरचा तो अर्धा तास त्यासाठी पुरेसा नाही.